मुलाच्या कलाने होमस्कूलिंग: सुरुवात कुठून आणि कशी करायची

आमच्याकडे दोन मुलं घरीच शिकतात, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा, आणि दोघांची तऱ्हा इतकी वेगळी की एकीला जमलेलं दुसऱ्याला जसंच्या तसं कधी चाललंच नाही. आता ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले लोक विचारतात की आम्हालाही करायचंय पण सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतेय. तयार वेळापत्रक यात मिळणार नाही, ते तुमच्या मुलाकडे बघूनच बनतं, पण कुठल्या क्रमाने जायचं, काय काय जमवून ठेवायचं आणि लोक हमखास कुठे अडकतात ते सांगते. वय साधारण ५ ते १४ धरलंय.

१. आधी कायदा बघा, मग बाकीचं

कंटाळवाणं आहे पण पहिलं हेच. होमस्कूलिंग सगळीकडे चालतं असं नाही. जर्मनीत मुलाला शाळेत पाठवणं सक्तीचं आहे, घरी शिकवायची मोकळीक जवळजवळ नाहीच. स्वीडनमध्ये २०१० च्या कायद्यानंतर अगदी अपवाद म्हणूनच परवानगी मिळते. इंग्लंडमध्ये १९९६ चा शिक्षण कायदा म्हणतो की मुलाच्या वयाला, कुवतीला आणि कलाला साजेसं शिक्षण मिळवून देणं ही पालकांची जबाबदारी, मग ते शाळेत मिळो की आणखी कुठे, त्यामुळे तिथे घरी शिकवता येतं. अमेरिकेत ५० च्या ५० राज्यांत चालतं पण नियम राज्यागणिक बदलतात, टेक्सासमध्ये सरकारकडे नोंदणीही करावी लागत नाही आणि न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा देऊन वर दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. भारतात ६ ते १४ वयासाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, त्यात होमस्कूलिंगसाठी वेगळी तरतूद नाही, पण वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की एनआयओएस या सरकारी मुक्त शिक्षण मंडळाची दहावीची परीक्षा शाळेत न जाता देता येते.

तेव्हा तुम्ही जिथे राहता तिथला नियम सरकारी साईटवरून स्वतः वाचा. चार गोष्टी शोधायच्या: कोणाला कळवावं लागतं का, ठरावीक विषय शिकवणं बंधनकारक आहे का, दरवर्षी तपासणी किंवा परीक्षा असते का, आणि पुढे मोठी परीक्षा खासगीरीत्या देता येते का. ‘अहो आमच्या ओळखीत एकजण करतात, काही होत नाही’ यावर अजिबात जाऊ नका.

कागदपत्रं एका फाईलमध्ये लावून टाका:

- जन्माचा दाखला आणि मुलाचं ओळखपत्र
- शाळेत होतं तर शाळा सोडल्याचा दाखला आणि सगळी प्रगतीपुस्तकं
- लसीकरणाची नोंद
- डोळे, कान किंवा शिकण्यातल्या अडचणीच्या तपासणीचे रिपोर्ट असतील तर ते
- सरकारी ऑफिसला काही कळवलं असेल तर त्याची पोच

यातला शाळा सोडल्याचा दाखला लोकांचा घ्यायचाच राहून जातो. मूल घरी असतं, गरज पडत नाही, वर्षं जातात आणि मग परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी धावाधाव होते. शाळा सोडताना हातात घेऊनच बाहेर पडा.

२. शाळेतून काढलेलं मूल असेल तर लगेच टाईमटेबल लावू नका

शाळेत काही वर्षं काढलेल्या मुलाला सांगितल्याशिवाय काही करायची सवयच राहिलेली नसते, सुरुवातीला ते नुसतं लोळतं, बोअर होतंय म्हणतं, आणि आईबापांच्या पोटात गोळा येतो की हे काय करून बसलो. असा काळ जवळपास प्रत्येक मुलाचा येतो, कोणाचा महिनाभर, कोणाचा बराच लांबतो. या काळात गोष्टी वाचून दाखवा, बाहेर न्या, घरातल्या कामात घ्या, पत्ते खेळा. फक्त स्क्रीनला मर्यादा घाला, नाहीतर त्या रिकाम्या वेळेत मूल स्वतःहून कशाकडे वळतं ते दिसणारच नाही, आणि तेच तर बघायचंय.

३. एक वही घ्या आणि बघत राहा

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात, कारण यात काही ‘शिकवल्यासारखं’ वाटत नाही. साधी वही, रोज दोन-तीन ओळी. अट एकच, मत लिहायचं नाही, घडलं ते लिहायचं. ‘चंचल आहे’, ‘आळशी आहे’, ‘गणितात कच्ची आहे’ असल्या ओळींचा पुढे काही उपयोग होत नाही. माझ्या वहीतल्या उपयोगी पडलेल्या नोंदी अशा आहेत:

‘गोष्ट ऐकताना पूर्ण वेळ खोलीभर फेऱ्या मारत होता. नंतर विचारल्यावर क्रमाने सांगितली, एकही प्रसंग सुटला नाही.’

‘दोन अंकी बेरजा तोंडी पटापट. वहीत मात्र आकडे एकाखाली एक येत नाहीत आणि तिथेच चुकते.’

‘नवीन खेळ आला की आधी बाजूला उभी राहून बघते, मग एकदम नीट खेळते. ढकललं की रडते.’

बघा, दुसऱ्या नोंदीवरून कळलं की मुलीचं गणित ठीक आहे, आकडे मांडण्यात गोची आहे, मग चौकटीची वही आणली आणि तो प्रश्न तिथेच मिटला. ‘गणितात कच्ची’ लिहून बसले असते तर तिला आणखी बेरजा दिल्या असत्या.

काय काय टिपायचं, तर दिवसात डोकं कधी जास्त चालतं, एका कामात मन किती वेळ टिकतं, अडलं की काय करतं (विचारतं, चिडतं, सोडून देतं की परत करून बघतं), एका वेळी किती सूचना लक्षात राहतात, आणि कोणी न सांगता पुन्हा पुन्हा कशाकडे जातं. शेवटचं सगळ्यात मोलाचं.

एक गोष्ट इथेच करून घ्या, डोळे आणि कान तपासा. पुस्तक नाकाशी धरणारं किंवा हाक मारल्यावर ओ न देणारं मूल ‘त्याला वाचायची आवडच नाही’, ‘ते आपल्याच तंद्रीत असतं’ म्हणून वर्षानुवर्षं तसंच सोडून दिलं जातं. आणि नीट शिकवून, भरपूर सराव होऊनही अक्षरं जुळवून वाचता येत नसेल तर डिस्लेक्सियाची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या, ते मुलाच्या कलावर सोडायचं काम नाही. लवकर कळलं तर मदतही लवकर सुरू होते.

४. ‘हा व्हिज्युअल लर्नर आहे’ असा शिक्का मारू नका

होमस्कूलिंग म्हटलं की पहिल्यांदा हाती येते ती लर्निंग स्टाईलची टेस्ट. वीसेक प्रश्न, शेवटी निकाल, तुमचं मूल बघून शिकणारं, ऐकून शिकणारं किंवा हाताने करून शिकणारं. यातली सगळ्यात गाजलेली वार्क नावाची प्रश्नावली १९९२ मध्ये नील फ्लेमिंग यांनी मांडली. त्याआधी १९८३ मध्ये हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धिमत्ता अनेक प्रकारच्या असतात असा सिद्धांत मांडला होता आणि लोक या दोन्हीची सर्रास सरमिसळ करतात, खुद्द गार्डनर यांनीच पुढे स्पष्ट केलं की त्यांचा सिद्धांत म्हणजे लर्निंग स्टाईल नव्हे.

आता मुद्दा असा की २००८ मध्ये पॅश्लर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन एकत्र तपासलं. प्रश्न साधा होता, ‘बघून शिकणाऱ्या’ मुलांना चित्रांनी आणि ‘ऐकून शिकणाऱ्यांना’ बोलून शिकवलं तर ती खरंच जास्त शिकतात का? त्याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांना एखादी पद्धत आवडते हे खरंय, पण आवडत्या पद्धतीने दिलं म्हणून जास्त डोक्यात राहतं असं दिसलं नाही.

घरात रोज शिकवताना हे पटतंच. कुठला मार्ग घ्यायचा ते बऱ्याचदा शिकायची गोष्टच ठरवते. नकाशा बघावाच लागतो, कविता कानावर पडावी लागते, गाठ हातानेच मारून बघावी लागते. माझ्या मुलीला ऐकायला अतिशय आवडतं, तासन् तास ऑडिओ गोष्टी ऐकते, पण त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश का येते हे कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका सरळ रेषेवर शेजारी शेजारी ठेवले तेव्हाच तिच्या चेहऱ्यावर उजळलं. ती ‘ऑडिटरी’ म्हणून मी नुसतं बोलत बसले असते तर?

आणि शिक्क्याचा खरा धोका पुढे असतो, मूलच म्हणायला लागतं की मी वाचून शिकणाऱ्यातला नाही. तिथून त्याला परत आणणं फार कठीण.

मुलं वेगळी नसतात असं मी म्हणत नाहीये हं. असतात, खूप असतात. आधीपासून काय माहीत आहे, शिकायचा वेग, मन टिकण्याचा वेळ, लिहिताना हाताला येणारा थकवा, कशाची ओढ आहे, आधी उडी मारतं की आधी बघून घेतं, हे फरक खरे आहेत आणि शाळेतल्या भरलेल्या वर्गात त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नसते. घरी ती असते. म्हणून टेस्ट नको, वही हवी.

५. आवडीला विषय जोडा, पण हळू हाताने

कोऱ्या कागदाच्या मधोमध मुलाची सध्याची आवड लिहा आणि भोवती गणित, भाषा, विज्ञान, इतिहास, भूगोल, हस्तकला असं जे सुचेल ते मांडा. हा कागद तुमच्यासाठी आहे, मुलाला दाखवू नका. आणि त्यातलं एका वेळी एक किंवा फार तर दोनच उचला.

आमच्याकडचं उदाहरण सविस्तर सांगते. धाकटा सायकलवेडा, दिवसभर चेन, ब्रेक, स्क्रू. अपूर्णांकांची वर्कशीट पुढे ठेवली की मात्र पाणी प्यायला उठायचा. मग एकदा सायकल उलटी ठेवली, मागच्या टायरवर खडूने खूण केली आणि त्याला दात मोजायला लावले, पॅडलजवळच्या दातेरी चक्राला ४८, मागच्या चाकावरच्याला १६. पॅडल हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवलं आणि खूण किती वेळा वरून जाते ते मोजलं, तीन वेळा. गिअर बदलून चेन २४ दातांच्या चक्रावर घेतली, दोन वेळा. मग त्यानेच विचारलं, ३२ वर घेतली तर? मी काही बोलले नाही. त्याने जमिनीवरच खडूने लिहायला घेतलं, ४८ आणि ३२, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, एक आणि अर्धा. फिरवून बघितलं तर खूण बरोब्बर अर्ध्यावर थांबली. त्यानंतर टायरचा घेर टेपने मोजला, एका पॅडलमध्ये सायकल किती पुढे जाईल ते काढलं, आणि चढावर मोठं मागचं चक्र का सोपं जातं हे त्याचं तोच मला समजावत होता, अंतर कमी पडतं म्हणून जोरही कमी लागतो. गुणोत्तर, अपूर्णांक, परीघ, यंत्राचा फायदा, सगळं त्यात आलं. इतिहासही आपोआप येतो, १८१७ मध्ये कार्ल ड्राईस यांनी बनवलेल्या दुचाकीला पॅडलच नव्हतं, पायाने जमीन ढकलत जायचं, आणि हवा भरलेला डनलॉप यांचा टायर आला १८८८ मध्ये. मधल्या काळात लोक कसल्या टायरवर बसून हादरे खात असतील हे शोधायला तो स्वतः पुस्तक घेऊन बसला.

इथले सापळे:

- प्रत्येक आवडीचा धडा करणं. मूल मुंग्या बघत बसलंय आणि आपण लगेच ‘किती पाय आहेत बरं?’ दहापैकी आठ वेळा गप्प बसा.
- आवड दिसली की लगेच महागडं किट, क्लास, पूर्ण सेट. आवडी बदलतात आणि बदलू द्याव्यात. आधी लायब्ररी, उसनं सामान, घरातल्या वस्तू. आवड टिकली की मग खर्च करा.
- आपली राहून गेलेली हौस मुलाची आवड समजणं. वहीत मूल स्वतःहून तिकडे जातंय असं दिसलं पाहिजे.
- ‘त्याला फक्त व्हिडिओ गेमच आवडतात.’ मग गेममध्ये तो काय करतो ते शेजारी बसून बघा. कोणी बांधत असतं, कोणी नकाशे पाठ करतं, कोणी डावपेच लढवतं, आणि ते स्क्रीनच्या बाहेर लाकडी ठोकळे, खरे नकाशे, बुद्धिबळ यात आणता येतं.

६. जे आवडत नाही पण लागतं, त्याचं काय

सगळं आवडीतून येईल असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. वाचायला शिकणं, लिहिणं आणि मूळ अंकगणित या तीन गोष्टींना थोडा नेमाचा सराव लागतो. काही मुलं आपोआप वाचायला लागतात पण बरीच लागत नाहीत, त्यांना कुठल्या खुणेचा कुठला आवाज, जोडाक्षर कसं फोडायचं, हे नीट बसून दाखवावं लागतं.

कसं करायचं? थोडं आणि रोज. लहान मुलाला १० ते १५ मिनिटं पुरतात. एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि सराव विभागून केला तर कमी कष्टात टिकतं, तेव्हा रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोजचा छोटा घास बरा. दुसरं, परत परत वाचून घेण्यापेक्षा पुस्तक मिटून ‘काय होतं सांग बरं’ हे विचारा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात ज्या विद्यार्थ्यांनी उतारा परत न वाचता आठवून लिहिला त्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होतं, गंमत म्हणजे पाच मिनिटांनी बघितलं तेव्हा परत वाचणारेच पुढे होते. म्हणून आज लगेच येतंय यावर खूश होऊ नका, आठवड्याने विचारा.

करायचं की नाही ही निवड मुलाला देऊ नका, कसं करायचं ती भरपूर द्या. आधी गणित की आधी वाचन, टेबलावर की जमिनीवर, तोंडी की लिहून, पेन्सिल की खडू. फेऱ्या मारत पाढे म्हणायचे तर म्हणू दे.

७. बक्षिसांपासून सांभाळून

एवढं पान केलंस तर स्टिकर, हे सुरुवातीला छान चालतं. पण १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्र काढायची मुळातच आवड असलेली ३ ते ५ वर्षांची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर आधी आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढत होती. जिथे ओढ आहे तिथे आमिष दाखवू नका, एवढं पाळा. जिथे ओढ नाहीच तिथे अधूनमधून छोटं काही दिलं तर आकाश कोसळत नाही.

८. दिवसाची आखणी आणि माणसं

शाळेचे सहा तास घरी आणू नका. एकाला एक शिकवताना हजेरी, रांगा, बाकीच्यांसाठी थांबणं हे काही नसतं, लहान मुलांचा बसून अभ्यास तास-दोन तासात आटपतो. वहीत दिसलेल्या ताज्या वेळेत अवघड काम, मग बाहेर, मग आवडीचं, रोज वाचून दाखवणं. घड्याळापेक्षा क्रम ठरवा, उठल्यावर हे, त्यानंतर ते, म्हणजे एखाद्या दिवशी उशीर झाला तरी घडी विस्कटत नाही.

मित्रमंडळींचा प्रश्न नातेवाईक विचारणारच आणि तो रास्त आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला माणसं आपोआप मिळत नाहीत, ती जमवावी लागतात. मैदान, लायब्ररी, एखादा गट जिथे तीच तीच मुलं दर आठवड्याला भेटतील. दर वेळी नवी मुलं भेटून मैत्री होत नाही.

आणि तुम्हाला जे येत नाही ते दुसऱ्याकडे द्या. वाद्य, परकी भाषा, वरच्या वर्गाचं रसायनशास्त्र, यासाठी माणूस शोधण्यात काही कमीपणा नाही.

९. नोंदी ठेवा

महिन्याला मुलामागे पाच-सात गोष्टी बास. एक लिखाणाचा नमुना, गणिताचं एक पान, केलेल्या वस्तूचा फोटो, वाचलेल्या पुस्तकांची यादी, कुठे गेलो ते. प्रत्येकावर तारीख टाकाच, तारखेविना फाईलला काही अर्थ उरत नाही. चुकांची पानंही ठेवा, सहा महिन्यांनी तीच पानं प्रगती दाखवतात. दर तीन-चार महिन्यांनी बसून वही आणि फाईल शेजारी शेजारी ठेवून वाचा आणि काय चालू ठेवायचं, काय सोडायचं ते ठरवा.

१०. मोठी परीक्षा किंवा परत शाळा

वय ११-१२ झालं की हा विचार सुरू करा, १४ ला नको. एनआयओएस, किंवा केंब्रिज बोर्डाची आयजीसीएसई (दहावीच्या तोडीची परीक्षा) खासगी विद्यार्थी म्हणून, हे नेहमीचे रस्ते. केंब्रिजसाठी खासगी विद्यार्थी घेणारं केंद्र आधी शोधावं लागतं आणि सगळी केंद्रं घेत नाहीत. कोर्सवर्क (परीक्षेआधी करून गुणांसाठी द्यायचं काम) असलेले विषय घरून अवघड जातात, विज्ञानाला मात्र प्रॅक्टिकलऐवजी लेखी पेपर निवडायची सोय असते. त्या त्या वर्षाचा सिलॅबस डाऊनलोड करा, आणि मुलाला आधीपासून येतंय त्यावर टिक करा. आवडीतून बरंच झालेलं असतं, जे राहिलंय तेवढंच वेगळं शिकवायचं. वेळ लावून लिहायचा सराव मात्र मुद्दाम करून घ्या, घरी शिकलेल्या मुलांना तीन तास सलग लिहायची सवय नसते.

शाळेत परत जायचं मुलाने स्वतः म्हटलं तर ऐकून घ्या, का जायचंय ते विचारा, आणि प्रवेशाच्या तारखांच्या बरेच महिने आधी शाळेला भेटा. सोबत दाखल्याची फाईल आणि तारखा टाकलेली कामाची फाईल न्या, आणि बहुतेक शाळा एक छोटी चाचणी घेतात, ती कुठल्या विषयांची आणि कुठल्या इयत्तेच्या पातळीची ते त्याच भेटीत लिहून घ्या.